कथेत नसलेल्या हरणी

आमच्या लिथोपोलीत संत मामासच्या सणाला कुणाच्या हातात पातं दिसत नाही. सुरी नाही, कात्री नाही, तलवारीचं तर नावच नको. मामास हा मेंढपाळांचा संत. त्याची कथा गाऊन पुरी होईपर्यंत कुठल्याच जिवावर हत्यार उगारायचं नाही, ही आमच्या सगळ्या डोंगरपट्ट्याची रीत आहे. कथा म्हणजे गाऊन केलेलं प्रवचन. मंचावरच्या गायकानं एकेक कडवं म्हणायचं आणि कडव्याच्या शेवटी येणारं धृपद सगळ्या देवळानं उचलायचं. कथा संपली की मग कोकरं कापायची आणि निखारे फुलवायचे. त्यामुळे खरं सांगायचं तर गावाचं निम्मं लक्ष मामासकडे असायचं आणि निम्मं कोकराकडे.

कथा सांगायचे अगापितोसबाबा. उंच, हडकुळे, आणि कथेच्या बाबतीत भारी कडक. त्यांच्या गुरूंनी जशी दिली तशीच कथा ते गात आले होते. एक शब्द जादा नाही, एक शब्द उणा नाही. शेजारच्या गावातल्या तरुण गायकानं कथेत स्वतःची दोन कडवी घातली, तेव्हा बाबा चालत तिथवर गेले आणि भर बाजारात त्याला म्हणाले, "संताच्या तोंडी शब्द घालायला तू त्याची आई आहेस का?" मी त्यांच्या मागे उभा राहून धृपद धरायचो. माझं नाव लेओन्तिस, धंदा दोर वळायचा, आवाज जाडा. आमचा भटारी व्लासिस दर वर्षी शेवटच्या कडव्याआधी कोकराच्या ओढीनं हळूच बाहेर सटकायचा, आणि बाबा गाता गाता त्याच्या पाठीकडे असे बघायचे की त्या माणसाला कशी झोप लागायची कोण जाणे.

त्या वर्षी मात्र ना कोकरं होती ना निखारे. राजधानीत सम्राटाचे दोन भाचे गादीवरून भांडत होते. आमच्या प्रांताचा सुभेदार एकाच्या बाजूचा, आमचा किल्लेदार थिओडूलोस दुसऱ्याच्या बाजूचा. सुभेदार वसंतात आला आणि गावाला वेढा घालून बसला. त्याचं सैन्य म्हणजे बहुतेक वरच्या डोंगरातले मेंढपाळ. आदल्या वर्षीपर्यंत त्यांच्याकडून आम्ही चीज घेत होतो, भावावरून घासाघीस करत होतो, आणि आता तटावरून त्यांच्यावर धोंडे टाकत होतो. त्यांनी दगड फेकायचं एक लाकडी यंत्र आणलं होतं. ते दिवसभर कुरकुरायचं आणि मध्येच दणका द्यायचं, म्हणून आमच्या बायकांनी त्याचं नाव सासू ठेवलं होतं.

या सासूचा एक धोंडा उन्हाळ्याच्या शेवटी गावच्या मोठ्या टाक्यावर बसला. छत फुटलं, बूड तडकलं, आणि आम्ही घागरी घेऊन पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी जमिनीत मुरलं होतं. तड आम्ही चुना आणि मेणानं बुजवली. पण टाकं धड करून त्यात भरायचं काय? गावात दुसरं पाणी नाही. झरा आहे तो तटाबाहेर, पाणदरवाजाच्या खालच्या उतारावर, आणि तिथे सुभेदाराचा पहारा. माणशी एक पेला, मग अर्धा. तान्ह्या मुलांच्या आया आपला पेला पिऊन टाकत आणि मुलाला अंगावर पाजत. हे असं चाललं तर सणानंतर आठवड्याच्या आत किल्लेदाराला दरवाजे उघडावे लागले असते, आणि सुभेदारानं पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं की आपणहून दरवाजे उघडले नाहीत तर पुरुषांची गय होणार नाही.

सण दोन दिवसांवर आला तेव्हा खालून एक म्हातारा मेंढपाळ पांढरं फडकं काठीला बांधून वेशीपाशी आला. त्यांच्याकडे कथा सांगणारं कोणी नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्या बाबांना वेशीच्या बुरुजावर उभं करा, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल. कथा सुरू असेस्तोवर आमच्या बाजूनं कुणी हत्यार उचलणार नाही. सुभेदारानं हो म्हटलंय, पण तो राजधानीतला माणूस आहे. कथा संपली की त्याच क्षणी यंत्र सोडा, असं त्यानं बजावलंय. तेवढं लक्षात ठेवा."

देवळाच्या ओट्यावर सगळे जमले. किल्लेदाराचे डोळे चमकले. त्याला वाटलं, कथा चालू असताना गपचूप बाहेर पडावं आणि सासूला आग लावावी. अगापितोसबाबांनी त्याला बोलून पुरतंही होऊ दिलं नाही. असं काही झालं तर मी तोंड उघडणार नाही, म्हणाले, मग तुम्ही मला बुरुजावरून फेकलंत तरी चालेल. किल्लेदार चडफडत खाली बसला.

तेव्हा मागून अंथूसा पुढे आली. ही बाबांची एकुलती एक मुलगी. नवरा तापानं गेल्यापासून माहेरी होती आणि गावाचे कपडे धुऊन दोघांचं पोट भरत होती. झऱ्याच्या वाटेवरचा दगड न् दगड तिच्या पायाला ओळखीचा. तिचं म्हणणं सरळ होतं. हत्यार नको, आग नको. कथा चालू असताना पाणदरवाजा उघडायचा, रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या घागरींनी खाली जायचं, आणि पाणी भरत राहायचं. पहारेकऱ्यांनी रीत पाळली तर ते भाला उचलणार नाहीत. कथा संपायच्या आत सगळ्यांनी आत यायचं.

"संताची कथा म्हणजे काय चोरी झाकायचा पडदा आहे?" बाबांनी विचारलं.

"पाणी भरणं ही चोरी कधीपासून झाली, बाबा? मामासनं डोंगरातल्या हरणींचं दूध काढून गरिबांना वाटलं, ते काय राजाला विचारून? तुम्हीच तर गाता."

बाबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, ठीक आहे, पण कथा आहे तेवढीच होईल, तिच्या बेतानं तुम्ही घागरी मोजा. आणि शेवटचं सिंहाचं कडवं सुरू झालं की जो जिथे असेल तिथून त्यानं पळत सुटायचं. अंथूसा हसून म्हणाली, "बाबा, ते कडवं कधी येतं हे मला झोपेतही कळतं. तुमच्या घरात वाढलेय मी."

सणाच्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही बुरुजावर गेलो. खाली सुभेदाराचं सगळं सैन्य गवतावर येऊन बसलं होतं, जत्रेला बसावं तसं. भाले एका बाजूला रचून ठेवलेले. पलीकडे सासू मात्र ताणून तयार, दगड खोबणीत, आणि तिच्या खिट्टीपाशी सुभेदाराचा स्वतःचा माणूस उभा. स्वतः सुभेदार छत्रीखाली बसला होता आणि तोंड असं केलं होतं, जणू कुणीतरी त्याला शिळं जेवण वाढलंय.

बाबांना गावानं एक पेला पाणी दिलं होतं. त्यांनी एक घोट घेतला, पेला दगडावर ठेवला आणि कथेला हात घातला. तुरुंगात जन्मलेलं मूल, आई गेलेली, परक्या विधवेनं पोटच्यासारखं वाढवलेलं. पहिलं कडवं संपलं आणि मी धृपद उचललं: भुकेल्याला घास दे, तहानल्याला ओंजळ दे, मेंढपाळा. आमच्या लोकांनी ते धरलं, आणि पाठोपाठ खालून हजारभर गळ्यांनी धरलं. चार महिने या माणसांच्या फक्त शिव्या ऐकल्या होत्या.

बुरुजाच्या माझ्या कोपऱ्यातून पाणदरवाजाचा उतार अर्धा दिसायचा. पहिल्या धृपदाबरोबर दरवाजा किलकिला झाला आणि बायका-पुरुषांची रांग खाली उतरू लागली. डोक्यावर घागरी, खांद्यावर कातडी पखाली, एकानं तर चक्क पाळणा उचलून आणला होता, आतून मेण लावलेला. सगळ्यांत पुढे अंथूसा.

झऱ्यावर काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिथे द्रागुल नावाचा पहारेकरी होता, पिकल्या मिशांचा. ही माणसं येताना पाहून त्याचा हात भाल्याकडे गेला, मग त्यानं बुरुजाकडे कान दिला, आणि हात मागे घेतला. "कथा चालू आहे," तो साथीदारांना म्हणाला, "आज हे पाहुणे." आणि दगडावर ऐसपैस बसला.

पण झरा उन्हाळ्यानं बारीक झाला होता. आमच्या हिशेबात कथेची लांबी धरली होती, झऱ्याची धार धरलीच नव्हती. त्यात पहिली घागर भरल्यावर आमच्या बायकांनी ती उचलून सरळ झऱ्याकाठच्या मामासच्या दगडावर ओतली. का, तर सणाला पहिलं पाणी संताचं. गाव तहानेनं मरतंय आणि या बाया भरलेली घागर दगडावर ओततायत, हे बघून द्रागुलला हसावं की रडावं कळेना. पण त्याची आईही तेच करायची, म्हणून त्यानं उठून टोपी काढली. घागर भरायला पुन्हा तेवढाच वेळ गेला.

मग त्यानं एक काम अंगावर घेतलं, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कान बुरुजाकडे ठेवून तो अधूनमधून सांगायचा, "विधवेचं झालं, आता डोंगरावर गेला. भरा निवांत." थोड्या वेळानं, "चीज वाटायला लागलाय. हात चालवा आता." आणि मग उठून उभा राहत, "पोरी, शिपाई त्याला पकडायला आले. तो त्यांना जेवू घालील, मग सिंह. निघा."

रांग वर चढू लागली. पण आतून परत आलेली माणसं सांगत होती की टाकं अजून निम्मंही भरलं नाही, आणि अंथूसानं पाहिलं की धारेखालच्या मोठ्या पखालीत अजून पाणी पडतंय. तिनं बाकीच्यांना पुढे घातलं आणि ती स्वतः तिथेच थांबली. दोन बायका तिला सोडून जाईनात, म्हणून त्याही थांबल्या.

रांग परतली पण तिच्यात अंथूसा नाही, हे मला वरून दिसलं. मी बाबांच्या कानाशी लागलो, "बाबा, आपली पोर अजून खालीच आहे."

बाबा शिपायांना जेवू घालण्याच्या कडव्यात होते. सुरात केसभरही फरक पडला नाही. कडवं संपलं, आम्ही धृपद म्हटलं. आता सिंह. खाली गवतावर बसलेली माणसं गुडघे झाडत उठायला लागली, भाल्यांकडे बघायला लागली. यंत्रापाशी त्या माणसानं खिट्टीवर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, विसरले. या माणसाला कधी काही विसरताना मी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी सूर लावला, आणि सिंह आलाच नाही. एक हरिणी आली. लंगडी. मामासला दूध द्यायला डोंगर उतरत होती, काटा मोडलेला पाय उचलून, दर चार पावलांवर थांबत. माझं धृपद चुकायचीच वेळ आली. हे कथेत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा अगापितोसबाबांनी संताच्या तोंडी शब्द घातला होता.

खाली कुजबूज उठली. मेंढपाळांना कथा पाठ होती. पण लंगडं जनावर कसं चालतं हेही त्यांना ठाऊक होतं, आणि बाबांनी ते असं गायलं होतं की उठलेली माणसं पुन्हा बसली. दुसरी हरिणी आली, हावरट, आधी मिठाचा खडा मागणारी. कुणीतरी खालून मोठ्यानं म्हणालं, "ही माझ्याकडे आहे," आणि हशा पिकला. तिसरी आली ती खादाड, जेवण उरकलं की सगळ्यांच्या आधी कळपातून सटकणारी. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी व्लासिस भटाऱ्याकडे पाहिलं. तो लाल झाला, पण धृपद त्यानंच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. सुभेदारानं कुणालातरी विचारलं की हे अजून किती चालणार. तो माणूस म्हणाला असावा की यांच्याकडची कथा थोडी मोठी दिसते. खिट्टीवरचा हात तसाच राहिला.

आणि मग बाबांनी शेवटची हरिणी गायली. ती कळपात सगळ्यांत मागे असते. बाकीच्या सगळ्या पाणी प्यायल्याशिवाय ती तोंड लावत नाही. अंधारून येतं, मेंढपाळ खोपटाच्या दारात उभा राहतो, दार लावत नाही. ये गं हट्टी पोरी, तो म्हणतो, तुझ्या वाट्याचं पाणी मी ठेवलंय, तुझ्यावाचून माझा कळप पुरा होत नाही. ये, पुरे झालं, ये घरी.

झऱ्यावर द्रागुलनं मान वर केली. "ही हरिणी कथेत नाही," तो म्हणाला. मग अंथूसाकडे बघितलं. "तुलाच बोलावतायत का गं?"

अंथूसा पखालीकडे वळली. तिनं पखालीचं तोंड बांधलं. पण पखाल भरून दगडासारखी जड झाली होती. तिघींनी ती उचलली आणि उताराला लागल्या.

मी त्यांना बघत होतो आणि बाबांचा आवाज तुटत होता. पेल्यातला शेवटचा घोट कधीच संपला होता. हरिणीचं कडवं त्यांनी पुन्हा धरलं, पण मध्येच गळ्यातून नुसती हवा आली. मी पटकन धृपद उचललं. जोवर धृपद थांबत नाही तोवर कडवं संपत नाही, आणि कडवं संपत नाही तोवर कथा. भुकेल्याला घास दे, तहानल्याला ओंजळ दे. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. पण आमचे सगळ्यांचेच गळे महिनाभर कोरडे. एकेक आवाज गळत गेला. शेवटी मी, व्लासिस आणि एक म्हातारी उरलो, आणि म्हातारीला खोकला आला. त्या तिघी उताराच्या मध्यावर होत्या. यंत्राच्या माणसानं खिट्टी धरली.

तेव्हा झऱ्याकडून एक आवाज आला. एकटाच, बेसूर, जाड. द्रागुल होता. तहानल्याला ओंजळ दे, मेंढपाळा. त्याच्यामागे त्याचे साथीदार. मग गवतावरची ओळ, मग तिच्यामागची, आणि बघता बघता सगळं सैन्य धृपद म्हणू लागलं. सुभेदार उभा राहिला, हात हलवून काहीतरी म्हणाला, पण कुणाच्या कानात ते शिरेना. ते थांबलेच नाहीत. त्यांचे गळे ओले होते, आमच्याच झऱ्याच्या पाण्यानं ओले होते, आणि ते सावकाश, घोळवून, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवत गात होते. पलीकडचे मेंढपाळ आपल्या कळपाला शीळ घालतात तेव्हा असंच ओढून घालतात.

पाणदरवाजा लागल्याचा आवाज मी ऐकला. अडसर पडल्याचाही.

मी बाबांना सांगायला वळलो, तर ते बुरुजाच्या जिन्याकडेच बघत होते. थोड्या वेळानं अंथूसा वर आली. पदर भिजलेला, पाय रक्ताळलेले, आणि हातात एक तांब्या, काठोकाठ. बाबांनी तो घेतला. पिण्याआधी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. मग घटाघटा प्यायले. खाली धृपद अजून चालूच होतं. बाबांनी हात उंचावला, ते थांबलं, आणि त्या शांततेत त्यांनी सिंहाचं कडवं गायलं, गुरूंनी दिलं होतं तसंच, एक शब्द जादा नाही, एक उणा नाही. सिंह येतो आणि मामासच्या पायाशी डोकं ठेवतो.

कथा संपली. सासू कुरकुरली आणि तिचा धोंडा देवळामागच्या कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यावर पडला. त्या दिवशी सगळं गाव पोटभर पाणी प्यालं. लोक टाक्याच्या काठावर बसून नुसते एकमेकांकडे बघून हसत होते. एका तान्ह्या मुलाला आईनं अंघोळ घातली, तेव्हा ते रडलं, आणि तेवढ्यानं चार बायका रडायला लागल्या.

ते पाणी आम्ही जपून वापरलं. ते संपायच्या आतच डोंगरावर थंडी उतरली आणि मेंढपाळांना कळप खालच्या कुरणांत न्यायची वेळ झाली. सुभेदारानं दटावलं, पगार वाढवून देतो म्हणाला. पण मेंढी काही गादीवर कोण बसतं ते बघून चरत नाही. रोज सकाळी त्यांच्या छावणीत तंबू कमी दिसायचे. एके दिवशी पाहिलं तर सासू एकटीच उभी होती, आणि तिच्यावर कावळा बसला होता. सुभेदार उरलेली माणसं घेऊन निघून गेला. तिचं लाकूड आम्ही हिवाळाभर जाळलं.

पुढच्या वर्षी सणाला देऊळ भरलं. या खेपेला कोकरं होती. बाबा मंचावर चढले आणि त्यांनी आधीच सांगून टाकलं की गेल्या वर्षी जे झालं त्याची त्यांनी देवाकडे क्षमा मागितली आहे आणि आज कथा होईल ती कथेइतकीच. शिपायांचं कडवं संपलं, धृपद झालं, आणि बाबा सिंहाकडे वळणार तोच दारापाशी कुणीतरी म्हणालं, "बाबा, लंगडी राहिली."

वळून बघतो तर द्रागुल. काखेत चीजचा गोल, मिशा विंचरलेल्या. कोण हसलं, कोण म्हणालं हो हो, राहिली, आणि व्लासिस, जो त्या वेळेपर्यंत एरवी बाहेर पोचलेला असायचा, भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. बाहेर निखारे तयार होत होते. कुणालाही घाई नव्हती.

बाबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, जणू हे मीच घडवून आणलंय. मग लंगडीचं कडवं धरलं. हावरटीचं धरलं. सटकणारीचं धरलं. आणि शेवटच्या हरिणीपाशी आल्यावर ते क्षणभर थांबले, देवळात नजर फिरवली, अंथूसा बायकांत कुठे उभी आहे ते पाहून घेतलं, आणि मगच पुढे गायले.